गिअर अडकतोय, गाडी ओढत नाही, खाली तेल पडतंय? गिअरबॉक्स उतरवायला सांगायच्या आधी एवढं तपासा

आधी लक्षणं बघू. गॅरेजमध्ये जाऊन "गिअरला काहीतरी झालंय" एवढंच सांगितलं की समोरचा "बॉक्स खाली घ्यावा लागेल मालक" म्हणून मोकळा होतो, आणि एकदा बॉक्स खाली आला की बिल तुमच्या हातात राहत नाही. मी सोलापुरात विजापूर रोडला हेच काम करतो. माझ्याकडे "गिअरबॉक्स गेला" म्हणून येणाऱ्या गाड्यांमध्ये खरोखर बॉक्स गेलेल्या फार थोड्या असतात, बाकीच्यांचं दुखणं क्लचमध्ये, त्याच्या वायरमध्ये, माउंटिंगमध्ये (इंजिन-बॉक्स धरून ठेवणारे रबर) नाहीतर कुठल्यातरी सीलमधून हळूहळू गळून गेलेल्या ऑइलमध्ये असतं. म्हणून खालच्यापैकी तुमच्या गाडीला नेमकं काय होतंय ते ओळखा.

गिअर पडतच नाही, किंवा जोर लावून ढकलावा लागतो, त्यातही पहिला आणि रिव्हर्स जास्त त्रास देतात.

रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज.

टाकलेला गिअर चालता चालता आपोआप निसटून न्यूट्रलला येतो.

रेस दिली की इंजिन ओरडतं, आरपीएमचा काटा वर जातो पण स्पीड तेवढाच. लोक येऊन म्हणतात, "अण्णा, गाडी नुसती वरडतीय, पळंना झालीय." तुळजापूरचा घाट चढताना हे सगळ्यात आधी कळतं, कधीकधी करपल्यासारखा वासही येतो.

गाडी न्यूट्रलला उभी असताना घर्र आवाज आणि क्लच दाबला की बंद, किंवा बरोबर याच्या उलट.

ऑटोमॅटिक असेल तर डीला (ड्राइव्हला) टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच नाही आणि मग धक्का, किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसते, किंवा पीमधून (पार्किंगमधून) दांडीच हलत नाही. एएमटीत, म्हणजे क्लच-गिअरचं काम मोटर करते त्या गाडीत, निघताना झटके, आणि मीटरवर गिअरच्या आकड्याच्या जागी काहीतरी लुकलुकतं.

आणि शेवटचं, रात्री लावलेल्या जागेवर सकाळी डाग.

आता तपासायला लागू. क्रम मुद्दाम फुकटातल्या गोष्टींपासून लावलाय, तो मोडू नका. लोकांना थेट ऑइल बघायची घाई असते आणि मॅट कोणी उचलत नाही.

हो, पहिलं मॅटच. हल्ली गाडी नवीन घेतली की ते जाड सेव्हन-डी मॅट बसवतात, त्यावर धूळ पडू नये म्हणून रबरी मॅट, आणि पावसाळ्यात त्यावर अजून एक. ही चळत क्लचच्या पेडलखाली सरकली की पेडल पूर्ण खाली जात नाही, पेडल पूर्ण गेलं नाही की क्लच पूर्ण सुटत नाही, आणि क्लच सुटला नाही की पहिला आणि रिव्हर्स अडणारच. सगळी मॅट काढून बाहेर टाका, पेडल हातानं तळापर्यंत दाबून बघा आणि मग एक चक्कर मारा. यावर ठीक झालेल्या गाड्यांचं मी बिल करत नाही, पण लोक जाताना जरा लाजतात खरे.

त्यानंतरची चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिला एक रुपया लागत नाही. इंजिन बंद करा, हँडब्रेक लावा, क्लच दाबा आणि एकेक करून सगळे गिअर टाकून बघा. आता इंजिन चालू करून पुन्हा तेच करा. बंद इंजिनवर सगळे गिअर मऊ पडतात आणि चालू केल्यावर अडतात असं असेल तर बॉक्सला हात लावायची गरज नाही, क्लच पूर्ण सुटत नाहीये एवढंच त्यातून कळतं. क्लच दाबूनही इंजिनची फिरकी थोडीशी बॉक्सपर्यंत पोचत राहते, आतला शाफ्ट फिरत राहतो आणि फिरत्या दातात दुसरा दात बसवायला गेलं की अडतं. उलट बंद इंजिनवरही तेवढंच जड जात असेल तर दुखणं दांडीपासून बॉक्सपर्यंत येणाऱ्या शिफ्टर केबलमध्ये, तिच्या बुशमध्ये नाहीतर बॉक्सच्या आत आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, बंद इंजिनवर एखादाच गिअर अडला तर लगेच घाबरू नका, दातासमोर दात आला की असं होतं, गाडी वीतभर पुढं-मागं ढकला आणि परत टाकून बघा.

रिव्हर्सचं जरा वेगळं आहे. बऱ्याच गाड्यांत पुढच्या गिअरना सिंक्रो असतो, म्हणजे दोन्ही भागांची फिरकी जुळवून देणारी पितळी रिंग, पण रिव्हर्सला तो नसतो. त्यामुळे क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबून टाकला आणि आवाज आला नाही तर गाडी ठणठणीत आहे, घाई तुमची होती. आणि गाडी पूर्ण थांबायच्या आत रिव्हर्स टाकायची सवय असेल तर ती आजच सोडा.

ऑटोमॅटिक आणि एएमटीवाल्यांसाठी फुकटातल्या दोन तपासण्या. पीमधून दांडी हलत नसेल तर कुणाला तरी मागं उभं करा आणि ब्रेक दाबून मागचे लाल दिवे लागतात का ते विचारा. दिवे लागत नसतील तर फ्यूज गेलाय किंवा ब्रेक पेडलवरचा स्विच. ब्रेक दाबलाय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळतच नाही म्हणून तो दांडी सोडत नाही, आणि एएमटी असेल तर सेल्फसुद्धा मारू देत नाही. स्विच स्वस्त असतो. दुसरं म्हणजे बॅटरी. गिअर बदलण्याचं काम विजेवर चालतं, त्यामुळे बॅटरी दमली की एएमटी आणि ऑटोमॅटिक काहीही नखरे करतात. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साठलं असेल तर साफ करून घट्ट करा. साध्या मीटरवर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर मरतात, आणि बॅटरीच्या खेळाला गिअरबॉक्सचा रोग समजून फिरणारे लोक दर मे महिन्यात येतात.

आता बॉनेट उघडा. क्लच दोन प्रकारचे असतात, वायरचा आणि ऑइलचा. जुन्या छोट्या गाड्यांत बहुतेक वायर असते.

ऑइलचा क्लच असेल तर बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच पांढऱ्या बाटलीतून तेल घेतात. त्या बाटलीत क्लचची नळी मुद्दाम वरच्या बाजूला काढलेली असते, म्हणजे तेल कमी झालं तर आधी क्लच बोंबलावा आणि ब्रेकला शिल्लक राहावं. म्हणूनच क्लच अचानक ढिला पडला तर तो इशारा समजा, "क्लच आहे, चालवू अजून आठवडाभर" असं म्हणू नका. लेव्हल मिन आणि मॅक्सच्या मध्ये हवी. झाकणावर डॉट-३ किंवा डॉट-४ लिहिलेलं असतं, तेच घाला, तेही सीलबंद डब्यातलं, कारण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि अर्धवट वापरलेला जुना डबा कामाचा राहत नाही. ते रंगावर सांडलं तर रंग खातं, लगेच पाणी ओता.

मग पेडल. एकदा दाबून गिअर पडत नाही पण चार-पाच वेळा पटापट पंप केल्यावर पडतो, असं होतंय? मग लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर (पेडलकडचा) नाहीतर स्लेव्ह (बॉक्सकडचा) सिलिंडर आतून गळतोय. पेडलच्या वर डॅशबोर्डखाली हात घालून बघा, ओलं लागलं तर मास्टर. स्लेव्ह बॉक्सच्या बाहेर बसवलेला असेल तर तिथलं रबरी बूट जरा उचलून बघा, आत तेल दिसलं तर तो. काही गाड्यांत मात्र स्लेव्ह बॉक्सच्या आतच, शाफ्टभोवती बसवलेला असतो, तिथं नाइलाज आहे, बॉक्स उतरवावाच लागतो.

वायरचा क्लच असेल तर पेडलला वर थोडी मोकळी चाल असायला हवी. बोटानं दाबल्यावर साधारण दीड-दोन सेंटीमीटर पेडल हलकं जातं आणि मग जड लागतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. चाल अजिबात नाही म्हणजे क्लच सतत थोडा दाबलेलाच राहतो आणि प्लेट घसरते. चाल फार जास्त म्हणजे पेडल तळाला लागलं तरी क्लच सुटत नाही आणि गिअर अडतो. बॉक्सकडच्या टोकाला नट असतो, त्यानं कमी-जास्त करता येतं, अर्ध्या तासाचं काम. पण नट फिरवायच्या आधी वायर नीट बघा, एखादी तार जरी तुटून बाहेर आली असेल तर ॲडजस्ट करत बसू नका, वायरच बदला, काही शे रुपयांची वस्तू आहे आणि ती तुटते तेव्हा नेमकी टेंभुर्णीच्या पुढं हायवेला तुटते.

क्लच घसरतोय का ते बघायला मोकळा रस्ता पाहिजे, रविवारी सकाळी होटगी रोडच्या पुढं जा. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या स्पीडला गाडी ठेवा आणि ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. चांगल्या क्लचला काटा आणि स्पीड सोबत हळूहळू वर जातात. काटा झपकन वर आणि स्पीड तिथंच, तर प्लेट संपलीय. काही लोक हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरला क्लच सोडून बघतात. ती पद्धत चालते, पण एकदाच करा, पुन्हा पुन्हा करून उरलेली प्लेट तिथंच जाळू नका. आणि आधी वायरची चाल तपासलेली असली पाहिजे, नाहीतर चांगली प्लेट फेकून नवीन टाकाल आणि महिनाभरात तीही घासून बसेल, कारण घासण्याचं कारण तुम्ही काढलंच नाही.

आपल्या भागात क्लच का लवकर जातात यावर थोडं बोलतो. गाळप सुरू झालं की रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागं सगळी रांग पहिल्या-दुसऱ्यात हाफ क्लचवर. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास तीच गत, आषाढीला पंढरपूरच्या रस्त्यावर तीच. हाफ क्लच म्हणजे क्लच प्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनची फिरती चकती) एकमेकांवर घासत फिरतायत, आणि उन्हाळ्यात तर त्यात बाहेर ४२ डिग्री. चढावर गाडी हँडब्रेकनं किंवा ब्रेकनं धरा, क्लच-ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. एएमटीवाल्यांनी तर हे दोनदा वाचा, कारण एएमटीत खाली साधा क्लच आणि साधाच बॉक्स असतो, फक्त पाय आणि हात मोटरचे. ॲक्सिलरेटर हलका दाबून चढावर उभी केली की ती बिचारी आतून हाफ क्लच करत राहते.

आता गळती. गिअरबॉक्स ऑइल पीत नाही. इंजिन थोडंफार जाळतं, बॉक्समध्ये जळायला काही नाही, त्यामुळे लेव्हल कमी असेल तर ते कुठूनतरी बाहेर गेलंय, आणि ती जागा न शोधता नुसतं टॉपअप करणं म्हणजे पुढच्या वेळेची सोय. रात्री गाडीखाली इंजिनपासून पुढच्या चाकांपर्यंत जुना पुठ्ठा किंवा पेपर पसरा, सकाळी डाग कुठं आणि कोणत्या रंगाचा ते बघा. काळपट-तपकिरी आणि इंजिनखाली असेल तर इंजिन ऑइल. पिवळट-तपकिरी, जाडसर आणि नाकाला झोंबणारा गंधकासारखा वास असेल तर गिअर ऑइल, तो वास एकदा घेतला की परत विसरत नाही. लाल म्हणजे बहुतेक ऑटोमॅटिकचं. पातळ, फिकट पिवळं आणि बोटाला गुळगुळीत असेल तर ब्रेक-क्लचचं. नुसतं पाणी असेल तर एसीचं, सोडून द्या. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं असेल तर ते बॉक्सचं नाही, एक्सलचं रबरी बूट फाटलंय. ते लगेच बदला, धूळ आत गेली की जॉइंट खाते.

गिअर ऑइल सगळ्यात जास्त एक्सल जिथं बॉक्समध्ये घुसतो त्या सीलमधून गळतं. सील स्वस्त, मजुरी मध्यम, बॉक्स उतरवायची गरज नाही. बॉक्स आणि इंजिनच्या जोडाच्या तळाशी ओलं असेल तर मात्र आतला सील, बॉक्सच्या पुढचा किंवा इंजिनच्या मागचा, आणि तिथं तेल क्लच प्लेटवरही जाऊ शकतं.

मॅन्युअल बॉक्सची लेव्हल बघायची तर बहुतेक गाड्यांत काडी नसते, बाजूला एक बोल्ट असतो, फिलर बोल्ट. गाडी चारही चाकांवर सपाट असली पाहिजे. पुढून एका जॅकवर उचलून बघितलं तर ऑइल मागं सरकतं आणि लेव्हल खोटी दिसते, आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही म्हणजे नाही. खड्डा किंवा रॅम्प असलेल्या ओळखीच्या गॅरेजला जा, दहा मिनिटांचं काम आहे. गाडी थोडी चालवून आणा, मग दहा-पंधरा मिनिटं थांबू द्या. फिलर बोल्टच्या भोवतीची माती आधी ब्रशनं आणि कपड्यानं साफ करा, नाहीतर सगळी धूळ आत. बोल्ट काढून करंगळी आत घाला आणि वाकवा, ऑइल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं हवं. बोटाला लागत नसेल तर कमी. बाहेर वाहायला लागलं तर वाहू द्या, आपोआप थांबतं. काही गाड्यांत असा लेव्हल बोल्टच नसतो, तिथं सगळं काढून मापानं भरावं लागतं, छोट्या गाड्यांत साधारण दोन लिटरच्या आसपास, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये.

ऑइल बदलायचं असेल तर आधी फिलर बोल्ट सुटतो का ते बघा आणि मगच खालचा ड्रेन बोल्ट उघडा. ड्रेन आधी उघडला, सगळं तेल खाली आलं, आणि वरचा फिलर गंजून जाम, भरायचं कुठून? टोचन करून आणलेल्या अशा गाड्या येतात. वॉशर नवीन टाका आणि बोल्ट आवळताना पान्याला पाइप लावून लोंबकळू नका, बॉडी ॲल्युमिनियमची असते, आटे गेले की मोठा खर्च.

ड्रेन बोल्टला बऱ्याचदा चुंबक असतं. त्यावर राखाडी मऊ लेप असेल तर काही नाही, ती नेहमीची झीज. पण टोचणारा कण, सुईसारखा तुकडा, दाताचा कोपरा दिसला तर तिथंच थांबा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर पाणी शिरलंय. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला त्यानंतर असं ऑइल भरपूर बघितलं. गाडी पाण्यातून गेली की तापलेला बॉक्स एकदम गार होतो आणि वरच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा येण्या-जाण्याच्या भोकातून, पाणी आत ओढतो. असं ऑइल लगेच काढायचं, नवीन भरून थोडं चालवून परत काढायचं, वाट बघायची नाही, बेअरिंगला गंज धरतो.

कोणतं ऑइल? इथं लोक सगळ्यात जास्त गंडतात. दुकानात जाऊन "९० नंबर द्या" म्हणतात आणि ट्रकचं जाड ऑइल घेऊन येतात. ते भरल्यावर हिवाळ्यात सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर गिअर दगडासारखे पडतात आणि गाडी तापली की ठीक होतात. डब्यावर दोन गोष्टी बघायच्या. एक जाडी, ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-९० वगैरे. दुसरी जीएल-४ की जीएल-५. आकडा मोठा म्हणजे चांगलं असं नाही. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची जास्त मात्रा असते, ती डिफरन्शियलला चांगली, पण मघाशी सांगितलेल्या पितळी रिंगांना त्रास देऊ शकते. मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलंय तर जीएल-४ च.

ऑटोमॅटिकची गोष्ट वेगळी आणि जास्त नाजूक. काडी असलेली गाडी असेल तर बहुतेक कंपन्या म्हणतात, गाडी तापवा, सपाट जागेवर लावा, ब्रेक धरून दांडी सगळ्या जागांवरून एकेक करून फिरवून पीला आणा आणि इंजिन चालू ठेवूनच काडी काढा. काही कंपन्यांच्या गाड्यांत मात्र इंजिन बंद करून लगेच बघायचं असतं. म्हणून मॅन्युअल उघडा, शेजाऱ्याचं ऐकू नका. काडीवर गार आणि गरम अशा दोन खुणा असतील तर त्यातली बरोबर बघा, कारण तापल्यावर हे ऑइल बरंच फुगतं.

काडी पुसायला सोलापुरी टॉवेल घेऊ नका, गॅरेजातलं सुताचं वेस्टही नको. गावाचा अभिमान मान्य, पण टॉवेलची लव काडीला चिकटून आत जाते आणि ऑटोमॅटिकच्या व्हॉल्व्ह बॉडीत केसाएवढ्या वाटा असतात, तिथं अडकते. लव न सोडणारा कपडा किंवा चांगला टिश्यू वापरा.

पांढऱ्या कागदावर थेंब टाकून रंग बघा. पारदर्शक लाल, चांगलं. तपकिरी पण वास नाही, जुनं झालंय. काळं आणि जळका वास, आतले क्लच जळलेत, आता नवीन ऑइल टाकून ते परत येत नाहीत. गुलाबी-दुधाळ असेल तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट मिसळलाय, गाडी तिथंच उभी ठेवा. कमी असेल तर एका वेळी दोनशे मिलीच्या वर घालू नका, परत बघा, परत घाला, कारण काडीवरच्या दोन खुणांमधलं अंतर फार थोड्या तेलाचं असतं. जास्त झालं तर फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो आणि फेसानं प्रेशर बनत नाही, म्हणजे कमी ऑइलची सगळी लक्षणं जास्त ऑइलनं दिसतात.

बऱ्याच नवीन ऑटोमॅटिकना काडीच नसते. तिथं खालचा ओव्हरफ्लो बोल्ट ठरलेल्या तापमानाला उघडून बघायचं असतं, अनेक गाड्यांत ऑइल साधारण ३५ ते ४५ डिग्रीला असताना, आणि ते तापमान स्कॅनरवर (गाडीचा कॉम्प्युटर वाचणारं यंत्र) बघावं लागतं. आता सोलापुरात मे महिन्यात दुपारी सावलीतली हवाच ४२ ला गेलेली असते, म्हणजे गाडी चालू करायच्या आधीच ऑइल मर्यादेला टेकलेलं. इंजिन चालवलं की ते वर जाणार, फुगलेलं ऑइल जास्त वाहून जाणार आणि बोल्ट लावल्यावर गाडीत कमी राहणार. त्यामुळे हे काम उन्हाळ्यात सकाळी लवकरच करून घ्या. दुपारी दोनला "आत्ता करून देतो" म्हणणाऱ्याला आधी विचारा, तापमान कशावर बघणार.

सीव्हीटीला (पट्टा आणि पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक) सीव्हीटीचंच ऑइल, नेमकं जे लिहिलंय तेच. साधं ऑटोमॅटिकचं लाल तेल त्यात गेलं तर पट्टा पुलीवर घसरतो आणि दोन्ही घासून बसतात. ड्युअल क्लचवाल्यांनी घरी काहीच उघडू नये असं माझं मत आहे. ट्रॅफिकमध्ये तापल्याची वॉर्निंग आली तर बाजूला घेऊन गार होऊ द्या, एवढंच तुमच्या हातात.

कंपनी "लाइफटाइम ऑइल" म्हणते त्यावर वाद घालणारे घालोत, आपल्या उन्हात मी तरी कुठलंच ऑइल लाइफटाइम मानत नाही. पण लाखभर किलोमीटर कधीच न बदललेलं असेल तर मशीन लावून प्रेशरनं फ्लश करू नका, जेवढं ड्रेनमधून निघतं तेवढं काढून तेवढंच भरा, थोडं चालवून परत तसंच करा.

गिअर निसटत असेल तर बॉक्सच्या आधी माउंटिंग बघा. बॉनेट उघडं ठेवून दुसऱ्याला ब्रेक धरून हलका क्लच सोडायला सांगा, तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीसमोर नाही. इंजिन बदकन उडी मारत असेल तर रबर तुटलंय. इंजिन हललं की केबल ओढली जाते आणि गिअर निघतो. माउंटिंग ठीक, केबलचे बुश ठीक, तरी निसटतोय, तर आतले दात झिजलेत.

आवाजाचं साधं गणित. न्यूट्रलला, क्लच सोडलेला असताना आवाज आणि दाबला की बंद, तर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज येतो, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. उतारावर न्यूट्रलला सोडूनही स्पीडबरोबर वाढणारा आवाज बहुतेक चाकाच्या बेअरिंगचा असतो, बॉक्सचा नाही, आणि यात लोक फुकट बॉक्स उघडून बसतात.

वॉर्निंग दिवा असेल तर छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावून कोड वाचा, लिहून ठेवा, पुसू नका. पी०७०० आला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे वेगळी तक्रार नोंदलेली आहे, खरा कोड तिथं आहे, आणि स्वस्त स्कॅनर बऱ्याचदा तिथपर्यंत पोचत नाही. पी०७०० वर कोणी "बॉक्स गेला" सांगितलं तर दुसरीकडे जा.

आता हात कुठं थांबवायचे. ऑइलमध्ये धातूचे तुकडे, जळकं काळं किंवा दुधाळ ऑटोमॅटिक ऑइल, क्लच घसरतोय हे पक्कं झालंय, बॉक्समधून ठोकल्यासारखा आवाज, ऑटोमॅटिक एकाच गिअरला अडकलीय, एएमटीची मोटर किंवा तिचं ऑइल. यातलं काहीही असेल तर घरी पुढं जायचं नाही. एएमटीत क्लच बदलल्यावर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरनं क्लच पुन्हा शिकवावा लागतो, ज्याच्याकडे तो स्कॅनर नाही त्याच्याकडे काम देऊ नका. ऑटोमॅटिक बंद पडली तर दोरी बांधून ओढायची नाही, इंजिन बंद असताना आतला ऑइल पंप फिरत नाही आणि कोरडे भाग घासतात. गाडी पूर्ण वर घेणारी फ्लॅटबेड मागवा, फोनवरच सांगा ऑटोमॅटिक आहे म्हणून, नाहीतर येतो तो हूकवालाच.

आणि बॉक्स खरंच उतरवायची वेळ आली तर आधीच ठरवून घ्या. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही सोबत बदला, एकटी प्लेट टाकून पैसे वाचत नाहीत, मजुरी तीच परत द्यावी लागते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे आहेत का ते स्वतः बघा. इंजिनच्या मागचा सील ओला असेल तर तोही त्याच वेळी. जुने पार्ट डिकीत टाकून मागा, ऑइलचा डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, आणि गाडी ताब्यात घ्यायच्या आधी मेकॅनिकला शेजारी बसवून तुळजापूर रोडला थोडा चढ येईल एवढं लांब जाऊन या.